नेसवणारीची तीन मिनिटं

मी सूड घेतला आणि तो अजून संपलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वयाच्या बायका आठवणी सांगायला बसल्या की शेवटाकडे येता येता सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मला ते जमत नाही. मला राग येतो, तो टिकतो, आणि खरं सांगायचं तर तो टिकावा म्हणून मी त्याची काळजीही घेते.

महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका साड्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं नेसवणारी आहे. पहिल्या मजल्यावर तीन भागांचा मोठा आरसा आहे आणि त्याच्यापुढे वीतभर उंचीचा लाकडी चौथरा. गिऱ्हाईक बाई त्या चौथऱ्यावर उभी राहते. मी तिच्या कपड्यांवरूनच कमरेला इलॅस्टिकचा पट्टा बांधते आणि तिनं पसंत केलेली साडी तिला नेसवते. सेल्समन गादीवर बसून साड्या उलगडतात, मी उभ्यानं त्या अंगावर चढवते. सकाळी कामठीहून शेअर ऑटोनं येते, दुकान बंद झालं की तशीच परत जाते.

पण साडी गादीवर विकली जात नाही, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गादीवर ती फक्त आवडते. आवडलेल्या दहांपैकी नऊ पुन्हा कपाटात जातात. विकली जाते ती आरशात. चौथऱ्यावरची बाई आधी स्वतःकडे बघते, मग मागे खुर्चीत बसलेल्या आईकडे किंवा सासूकडे बघते, आणि तिथूनही काही ठरलं नाही की माझ्याकडे बघते. त्या नजरेला उत्तर देणं हे माझं खरं काम. तेव्हा ‘छान दिसते’ म्हणायचं नसतं, ते सगळेच म्हणतात. मी पदर बोटभर वर घ्यायचे, खांद्यावरची चुणी दाबून बसवायचे आणि एखादं कामाचं वाक्य बोलायचे. हिचा काठ तुमच्या उंचीला बरोबर बसला, वरून दुमडावा लागला नाही, असं काहीतरी. साडी शोभत नसेल तर तसंही सांगायचे आणि दुसरी मागवायचे. म्हणून तर त्या बाया पुढच्या वर्षी बहिणीला घेऊन यायच्या.

निऱ्यांचंही तसंच. जड जरीची साडी असेल तर निऱ्या कमी आणि रुंद घ्याव्या लागतात, नाहीतर पोट पुढे आल्यासारखं दिसतं. मऊ रेशमाच्या बारीक घ्याव्या लागतात. बुटक्या मुलीला मोठ्या काठाची साडी नेसवायची तर पदराची लांबी आधी ठरवायची आणि मग बाकीचं. एका साडीला मला बारा मिनिटं लागायची, कधी पंधरा. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नव्हती.

आमच्या दुकानाचा नंबर एकचा सेल्समन अकरा वर्षांपूर्वी काटोलकडच्या एका गावातून आला, तेव्हा त्याला पैठणी आणि बनारसी यांतला फरक कळत नव्हता. तो मी शिकवला. साडीची उलटी बाजू कशी बघायची, हाताला खरी जर कशी लागते, कुठल्या बाईला आधी महाग दाखवायची आणि कुठल्या बाईला शेवटी, सगळं माझ्याकडून शिकला. वर्षभर माझ्या डब्यातली भाजी खाल्ली. तो कामाचा नव्हता असं मी म्हणणार नाही. त्याचं बोलणं गोड, चेहरे त्याच्या लक्षात राहायचे, आणि आलेली बाई दाराकडे वळायच्या आत तो तिला खाली बसवायचा. पण बसवलेल्या बाईला उभी करून पैसे काढायला लावायचं, ते आरशापुढेच व्हायचं.

मोठ्या शेठच्या काळात सेल्समनचा पगार माझ्यापेक्षा थोडा जास्त असायचा. त्याचाही मला राग यायचा, पण तो पोटात मावायचा. मग मोठ्या शेठचे गुडघे गेले आणि त्यांचे चिरंजीव, छोटे शेठ, पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आले. दुकान नवं केलं, वर काचेची केबिन बांधली आणि प्रत्येक बिलावर सेल्समनचा नंबर पडायला लागला. रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चार्ट यायचा. ज्याच्या नंबरावर जास्त विक्री तो हिरवा, मधला पिवळा, खालचा लाल. पगारवाढ रंगावर. दोन वर्षांत अशी वेळ आली की नंबर एकवाल्याच्या पगारात माझे तीन पगार बसायला लागले.

नेसवणारीला बिलावर नंबर नव्हता. पण चार्टात तर तिला कुठंतरी टाकायलाच हवं होतं, म्हणून माझ्या नावापुढे दिवसाला किती साड्या नेसवल्या तो आकडा यायचा. एका साडीला बारा मिनिटं लावणारी बाई त्यात कुठं बसणार, हे सांगायला नको. मी कायमची लाल.

एकदा मी वर गेले. मला एकच गोष्ट हवी होती, बिलावर माझाही नंबर. त्यातून जो पगार निघेल तो निघेल, कमी निघाला तरी चालेल, पण मोजा, असं मी म्हटलं. छोटे शेठ माणूस म्हणून वाईट नाहीत, त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग समजावून सांगितलं की हे काही आपल्याच दुकानात नाही, सगळ्या जगात पगारांमधलं अंतर वाढतं आहे, कारण माणसामाणसाच्या कामात अंतर वाढतं आहे. जो जास्त निर्माण करतो त्याला जास्त मिळतं. पूर्वी ते मोजता येत नव्हतं म्हणून सगळ्यांना सरसकट दिलं जायचं, आणि तोच खरा अन्याय होता. हे ते इतक्या प्रेमानं सांगत होते की माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, साडी आरशात विकली जाते, नंबर एकवाल्याला विचारा.

त्यांनी त्याला वर बोलावलं. तो माझ्या शेजारी उभा राहिला, बसला नाही. काचेतून खाली बघत म्हणाला, “ताईचं काम चांगलंच आहे, शेठ. पण ताई टाइम लय लावते. माह्या गिऱ्हाइकाले ताटकळत रहा लागते.”

मी त्याच्याकडे बघत राहिले, त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी आरशाच्या चौकटीला प्लॅस्टिक चढवलेला कागद लागला. एक साडी, तीन मिनिटं.

त्या दिवशी ऑटोत बसल्यावर मला माझी आई आठवली. वडील कामठीत पॉवरलूमवर होते आणि त्यांची मजुरी मीटरवर ठरायची. त्या मीटरांसाठी लागणाऱ्या कांड्या आई घरी भरायची, सूत गुंडाळून गुंडाळून तिची बोटं कापलेली असायची. मालक म्हणायचा, हा माणूस जोरात विणतो. माणूस जोरात विणायचा कारण त्याला कांडीसाठी कधी थांबावं लागत नव्हतं. आई हे कुणाला बोलली नाही. मी तिच्यावर गेलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी शेठच्या भाषेत प्रॉडक्टिव्ह झाले. पट्टा बांधला, साडी खोचली, सात निऱ्या, पदर खांद्यावर, पुढची बाई. कुठलीही साडी असो, सात निऱ्या. जड जरीची फुगली तर फुगली. बाईनं आरशातून माझ्याकडे बघितलं की मी पुढच्या साडीची घडी मोडत असायचे. बोलणं कागदावर नव्हतं, म्हणून मी बोलत नव्हते. माझा आकडा चौपट झाला. महिन्याच्या आत मी हिरवी झाले आणि ग्रुपवर छोट्या शेठनी टाळ्यांचं चित्र टाकलं. दिवाळीच्या आधी सगळ्यांसमोर मला शाल दिली, बदल स्वीकारणारी मावशी म्हणून. मी शाल घेतली, हात जोडले. एवढं खोटं मी आयुष्यात कधी हसले नव्हते, आणि एवढी मजाही कधी आली नव्हती.

पण सगळ्यांनाच तीन मिनिटं दिली तर सूड कसला? कोपऱ्यातल्या कॉटनच्या काउंटरवर एक काका होते. निवृत्तीला आलेले, बोलताना अडखळणारे, वर्षभर लाल. त्यांच्या गिऱ्हाइकाला मी जुन्यासारखी नेसवायला लागले. बारा मिनिटं, रुंद निऱ्या, पदर, एक वाक्य. नंबर एकवाल्याच्या गिऱ्हाइकाला तीन मिनिटं आणि गप्प. दोघांच्या कामात कणभर फरक पडला नव्हता. काका तसेच अडखळत होते, तो तसाच गोड बोलत होता. पण दोन महिन्यांत काका हिरवे झाले आणि तो पिवळा झाला, मग लाल झाला. छोट्या शेठनी मीटिंगमध्ये काकांना उभं केलं आणि या वयातही माणूस स्वतःला कसा घडवतो याचं भाषण केलं. काका गोंधळून माझ्याकडे बघत होते. मी टाळ्या वाजवत होते. ज्याला मी पुढे करेन तो मेहनती आणि ज्याला मागे टाकेन तो आळशी, एवढी सत्ता मला कधी कुणी दिली नव्हती. ती मी चार्टातून चोरली होती.

एक गोष्ट मात्र मला अजून बोचते. नंबर एकवाल्याचंच गिऱ्हाईक, बुटकी, सावळी मुलगी. साखरपुड्यासाठी मोरपिशी साडी घ्यायला आली होती. तो रंग तिच्यासाठीच होता, ती चौथऱ्यावर चढली तेव्हाच मला दिसलं. मी सात निऱ्या घेतल्या, काठ पायात आला, साडी पोटावर फुगली. ती आरशात बघत राहिली आणि आईला म्हणाली, “मले काहीच चांगलं दिसत नाही वं आई.” हात लावला असता तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. मी हात लावला नाही. त्या मुलीची मी माफी मागेन, कधी भेटली तर. बाकी कुणाची मागणार नाही.

दिवाळीनंतर शेठनी नवा नियम काढला होता, इथून पुढे सलग तीन महिने लाल राहिला तर घरी. नंबर एकवाल्याचा तिसरा महिना संपायला चार दिवस उरले होते तेव्हा जरीपटका भागातल्या एका व्यापाऱ्याचा बस्ता आला. आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची मंडळी मिळून एकाच दुकानात दिवसभर बसतात आणि नवरीपासून ते मानापानाच्या आत्यापर्यंत सगळ्यांच्या साड्या एकदम घेतात. वीस-बावीस माणसं होती. बस्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सेल्समनकडे राहतो आणि ती मंडळी त्याच्या ओळखीनं आली होती. बस्ता झाला असता तर तो वाचला असता. फिसकटला असता तर चार दिवसांनी त्याला काटोलची बस धरावी लागली असती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या मजल्याला माहीत होतं.

नवरीसाठी सहा शालू पसंत पडले. ती चौथऱ्यावर येण्याआधी तो साड्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “ताई, आज पह्यलेसारखी नेसवून द्या. माहे दोन पोट्टे शाळेत हायेत.”

पोरांचं नाव काढल्यावर मी विरघळेन असं त्याला वाटलं असावं. मी विरघळले नाही. मी म्हटलं, “मले काहून सांगतं? वरते जा अन् शेठले सांग, साडी कोण इकते थे.”

त्यानं गठ्ठा गादीवर ठेवला आणि जिना चढून गेला. खालून मला काचेतून सगळं दिसत होतं. त्याचे ओठ हलताना दिसले, हात आरशाकडे गेलेला दिसला, आणि छोटे शेठ खुर्चीतून उठून काचेपाशी आले, माझ्याकडे बघत उभे राहिले. मीही खालून त्यांच्याकडे बघितलं. तो खाली आला आणि एवढंच म्हणाला, “सांगतलं.”

मग मी नेसवायला घेतलं. पहिल्याच शालूला पंधरा मिनिटं लावली. नवरीची आजी खुर्चीतून उठून जवळ आली, नवरीच्या हनुवटीला हात लावला आणि मागं सरली. संध्याकाळपर्यंत अख्खा बस्ता झाला, आत्यांच्या साड्यांसकट. शेवटची साडी मी उतरवून घेतली तेव्हा माझी पाठ मोडून आली होती आणि मी मनातून नाचत होते. मीच शिकवलेल्या माणसाच्या तोंडून मी खरं काढून घेतलं होतं. आता बिलावर नंबर पडणार होता.

दुकान आवरायच्या आधी छोट्या शेठनी आम्हा दोघांना वर बोलावलं. आधी त्याच्याकडे वळले. शांतपणे म्हणाले की तू स्वतःच सांगितलंस, साडी तू विकत नाहीस, म्हणजे दोन वर्षं तुला जो पगार दिला तो तुझ्या कामापेक्षा जास्त होता. मागचं मी परत मागत नाही, पण पुढच्या महिन्यापासून तो खाली येईल. किती खाली, तेही सांगितलं. तो माझ्या पगाराच्या जवळपास आला. मी माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते.

छोटे शेठ माझ्याकडे बघून हसले. “आता तुमच्या दोघांमध्ये काही फरक उरला नाही, मावशी. तुमची तक्रार मिटली ना?”

मी म्हटलं, माझा नंबर? ते म्हणाले, सिस्टिममध्ये एका बिलाला एकच नंबर बसतो, आणि तुम्ही तर हिरव्या आहातच.

जिना उतरताना त्यानं विचारलं, झालं का मनासारखं. मी हो म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. तो माझ्या पायरीवर आला याचा मला आनंद झाला होता, चांगला दोन दिवस टिकेल असा आनंद. तो एकाच दिवसात आंबला. दुसऱ्या दिवशी ऑटोत बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आलं की त्याच्या पगारातून जे कापलं ते माझ्याकडे आलं नाही, मग गेलं कुठं. ते वर गेलं, काचेच्या आत. माझं काम कमी आहे असं ठरलं होतं तेव्हा मला कमी मिळत होतं. माझं काम जास्त आहे असं ठरलं तेव्हा त्याला कमी मिळायला लागलं. मोजमाप कुणीकडूनही धरा, वरच्या माणसाचं वाढतच होतं, आणि त्याचा नंबर कुठल्याच बिलावर पडत नव्हता. इतके महिने मी चुकीच्या माणसावर दात धरून बसले होते. तो निर्दोष होता असं नाही. पण तो लहान होता.

त्यानंतर मी कॉटनच्या काकांनाही बारा मिनिटं देणं बंद केलं; शेठचा कागद आरशावर तसाच होता, तर सगळ्यांना तीनच मिनिटं. ते वर्षअखेरीला निवृत्त झाले, माझ्याशी शेवटपर्यंत चांगलंच बोलले. नंबर एकवाला दुकानातच राहिला, जाणार कुठं. पण पूर्वी एका बाईपुढे पन्नास साड्या उलगडणारा तो आता पाचच उलगडतो. विचारलं की म्हणतो, बाकी स्टॉक पाह्यजे तं ऑनलाइन पाहा. आम्ही कधी बसून ठरवलं नाही. मी त्याला माझ्या डब्यातलं देत नाही आणि तोही मागत नाही.

यंदा लग्नसराईत गल्लीतली बाकीची दुकानं भरलेली होती आणि आमच्या गादीवर चादरीला सुरकुती पडत नव्हती. छोट्या शेठनी कारण शोधायला मुंबईहून एक सल्लागार आणला. त्याची फी दुकानातल्या लोकांच्या कानावर आली. आम्हा दोघांचे वर्षभराचे पगार एकत्र केले तरी ती भरली नसती. तो आठ दिवस दुकानात फिरला, चार्ट बघितले, कॅमेऱ्याचं चित्रीकरण बघितलं. मग त्यानं आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. शेठ शेजारी वही घेऊन बसले होते.

सल्लागार पोरगेलासा होता, पण त्याला विचारायचं कसं ते कळत होतं. म्हणाला, तुम्ही दोघं इथले सगळ्यात जुने, तुमच्या अनुभवावरून सांगा, बाई साडी घेते ती नेमकी कशामुळे?

बावीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला होता. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. जड जरीच्या रुंद निऱ्यांपासून ते आरशातल्या त्या नजरेपर्यंत सगळं. ते सांगावं असं मला इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी चहाच्या कपात बघितलं. शेजारी तो बसला होता. त्यालाही उत्तर माहीत होतं, एकदा इथंच उभं राहून त्यानं ते दिलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा सरळ बघितलं.

“चार्टात सगळं येते न साहेब,” तो म्हणाला. “त्याच्यातच पाह्यून घ्या.”

सल्लागार माझ्याकडे वळला. आणि तुम्हाला काय वाटतं, मावशी?

मी कप खाली ठेवला. “मले काय समजते त्याच्यातलं, साहेब. मी तं नेसवणारी.”

त्यानं मान हलवली आणि ते लिहून घेतलं.